भटूवरचा लेख

"थांबना का रे भाऊ? वाच," कौतिकनाना म्हणाले. "मना भटूबद्दल काय लिखेल शे?"

शेजारचा चुडामण मास्तर अडला होता, कारण पुढे वाचवत नव्हतं. भटू हा नानांचा एकुलता एक पोरगा. पंधरा दिवसांपूर्वी पाण्याच्या मोर्चात गोळी लागून गेला. आणि मुंबईच्या त्या बड्या पेपरात, रविवारच्या लेखात, छापलं होतं की मोर्चातली पोरं दारू पाजून आणलेली, आणि मेला तो तर नंबरी गुंड. लिहिणारा बाबा धुळ्याला कधी फिरकला नव्हता. मंत्र्यांच्या पंगतीला मात्र चुकत नसे. असल्यांचंच जग खरं मानतं, याचा संताप येतो.

नानांना अक्षरओळख नव्हती. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीत रविवारी दुपारी पेपर आला की चुडामण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. आज त्याला नानांच्या तोंडाकडे बघवेना. पेपरात डोळे घालून त्याने मनचंच वाचलं.

"भटू दारूला शिवतही नव्हता. वस्तीला पाणी मिळावं म्हणून तो पुढे झाला. असा पोरगा लाखात एक."

नाना ढसाढसा रडले. भागाबाईला घरातून बोलावून त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. तेच खोटं परत जुळवताना चुडामणला घाम फुटला. पण त्या दिवशी दोघं नवरा-बायको पोटभर जेवली.

दोन आठवड्यांनी चुडामणने पेपर उघडला, तर त्याच बाबाच्या लेखात मधोमध चौकट. वर जाड अक्षरांत मथळा होता, 'मेलेल्याच्या बापाचीच कबुली'.

"मनं पत्र छापेल शे का?" नानांनी विचारलं. पोस्टाबाहेर बसणाऱ्या रुपचंदकडून त्यांनी ते गुपचूप लिहवून घेतलं होतं. आज आशेने सारी गल्ली गोळा केली होती. भागाबाई डोक्यावर पदर घेऊन पुढेच बसली होती.

चुडामणने मथळा गाळला आणि खालचं वाचलं.

"साहेब, माझ्या भटूबद्दल तुम्ही जे लिहिलं ते सगळं खरं आहे. तो कसा होता हे आता जगाला कळलं. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. जयभीम."

त्या लेखातलं एवढंच त्याने जसंच्या तसं वाचलं.