आजी-माजी सर्वांनी यावे

"मेळाव्याला याल ना?" कॉलेजच्या संपर्कप्रमुखानं विचारलं.

"घंटा!" पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

हा नकार होता की चौकशी, हेच त्याला कळेना. कारण या कॉलेजचा कुठलाही माजी विद्यार्थी फोनवर सापडला, की आधी घंटेबद्दलच विचारायचा. कॉलेज इवलंसं. तत्त्वज्ञान, इतिहास, चित्रकला, तोंडी लावायला थोडं नाटक. "इथे शिकून पोरं होतात तरी काय?" असं लोक विचारत. पोरंही विचारत. पण पहिल्या तुकडीनं शेवटच्या दिवशी कॉलेजची पितळी घंटा पळवली आणि ती आजतागायत सापडली नाही, ही गोष्ट मात्र प्रत्येकाला तोंडपाठ. तेव्हापासून पोर्चमधला आकडा रिकामा होता आणि तास रुळाच्या तुकड्यावर व्हायचा. कुणी रागानं तवा आपटावा, तसा.

संपर्कप्रमुख उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. टेबलावरच्या चहावर साय धरली होती. प्राचार्यबाईंनी सकाळीच निर्वाणीचं सांगितलं होतं.

"व्यासपीठावर पहिल्या तुकडीचं एक तरी माणूस हवं. नसेल, तर तुमच्या या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसेल. मग ठेवा त्याच्याशी संपर्क."

पण पहिली तुकडी आणायची कुठून? मुलींची आडनावं लग्नात गेलेली, मुलांची घरं बिल्डरनं पाडलेली.

घरी तरी निवांतपणा असावा, तर तिथे बायकोची आजी राहायला आलेली. सामान म्हणजे एक पेटी आणि एक कोरफड. कोरफडीची कुंडी हिरव्या ऑइलपेंटनं रंगवलेली आणि बुडाला गोल. सरळ उभी राहायची नाही म्हणून आजी तिला जाड चुंबळीत बसवायची. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

"आजी, हिला खाली भोकसुद्धा नाही," तो एकदा म्हणाला. "कोरफड कुजेल."

"मी कुजले का इतक्या वर्षांत? मग ती कशाला कुजतेय?" आजी म्हणाली आणि चमचा ताटावर आपटला. "चला जावईबापू, जेवायला. तास झाला! आमच्या वेळी ना—"

तो ताट उचलून गॅलरीत पळाला. दिवसभर फोनवर 'आमच्या वेळी' ऐकून त्याचे कान किटले होते.

"साऱ्या जगाची ख्यालीखुशाली विचारतोस," बायको मागून म्हणाली, "आणि घरातलं माणूस तोंड उघडायला लागलं की तुझ्या पायाला चाकं लागतात."

"तुझी आजी काय मला पहिली तुकडी आणून देणार आहे?"

त्याच तिरमिरीत त्यानं सगळ्यांना मेसेज ठोकून दिला. 'आजी-माजी विद्यार्थ्यांनी यावे' असं लिहायचं होतं. घाईघाईत शब्द मागेपुढे करताना नेमके विद्यार्थीच गळले. गेलं ते असं: 'आजी-माजी सर्वांनी यावे.'

उत्तरं येऊ लागली. 'आजीला पाठीची खुर्ची मिळेल का?' 'दोन्हीकडच्या आजी आणू का एकच?' पोरं टवाळी करतायत, असं समजून तो सगळ्यांना होकाराचा अंगठा पाठवत राहिला.

मेळाव्याच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे आज्या. पंखा लावा म्हणणाऱ्या, पंखा बंद करा म्हणणाऱ्या. एकीनं माईकवाल्याचं लग्न जमवायला घेतलं होतं. दुसरी पहिल्या रांगेत असं घोरत होती, की तबलजी तिच्याकडे बघून ठेका धरू लागला.

प्राचार्यबाईंनी संपर्कप्रमुखाला पडद्यामागे ओढलं. "मी पहिली तुकडी मागितली होती. तुम्ही पहिली पिढी आणलीत!"

"बाई, ते 'आजी' म्हणजे—"

"उद्या मशीन येतंय."

तेवढ्यात दारातून बायको आली. एका हाताला आजी, दुसऱ्या काखेत कुंडी.

"अगं, हिला कशाला आणलंस? आणि ती कोरफड?"

"मेसेज मलाही आला होता," बायको म्हणाली. "मी वाचून दाखवला, तर म्हणाली, जायलाच हवं. कुंडीशिवाय मात्र निघेना."

"आजी, तो शब्द चुकलाय हो! तुम्ही मागे बसा. तिकडे चहा आहे."

आजी हलली नाही. काठी टेकत ती पोर्चमधल्या रिकाम्या आकड्याकडे बघत होती.

व्यासपीठावर प्राचार्यबाईंनी घसा साफ केला. "पहिल्या तुकडीपैकी कुणी आलं आहे का?" पंख्यावरचं भांडण थांबलं. घोरणंसुद्धा थांबलं. बाईंनी संपर्कप्रमुखाकडे असं पाहिलं, की त्याला झेरॉक्सचा घरघराट आत्ताच ऐकू येऊ लागला. "कुणीच नाही? तर मग या निमित्तानं मला जाहीर करायचं आहे, की आपला संपर्क कक्ष—"

आजी व्यासपीठाची पायरी चढत होती. मागून नात, कुंडी घेऊन.

संपर्कप्रमुख धावला. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "आजी, खाली उतरा हो! नोकरी जाईल माझी. इथे आज्यांना नाही, माजींना बोलावलंय!"

"मग?" म्हणत आजीनं कोरफड मुळासकट उपटून प्राचार्यबाईंच्या हातात दिली, माती ओतून टाकली आणि चुंबळ सोडली. बुडातून निघालेली कडी नातीनं धरून कुंडी उलटी टांगली. आजीनं काठी उगारून एक टोला हाणला, आणि साऱ्या कॉलेजभर घंटा घणघणली.