पाच वर्षांची वॉरंटी

"हा नको," राजेश म्हणाला. "सहाशे वॉट खातो आणि नुसता तापतो."

मनोहरने हौसेने आणलेला आपला झाडं वाढवायचा जुना सोडियमचा दिवा बेसमेंटच्या जमिनीवर ठेवला. मनोहर ऑफिसातला मित्र. अमेरिकेचा नागरिक झालेला, त्यामुळे घरात गांजाची चार झाडं लावून छाती पुढे काढून हिंडणारा.

"अरे यार, मिनेसोटाच्या थंडीत तापला तर बरंच की!"

"बिल वाढेल. वीज कंपनी दर महिन्याला कळवते, शेजाऱ्यांपेक्षा तुम्ही किती जास्त जाळलीत ते."

"राज्यात लीगल आहे, राजेश."

"राज्यात आहे. माझी ग्रीन कार्डची फाइल केंद्र सरकारकडे आहे, आणि तिथे हा अजून गुन्हाच."

म्हणूनच दुकानात जाऊन, ओळखपत्र दाखवून गांजा विकत आणायची सोय नव्हती. आणि वरच्या मजल्यावर शोभना होती. केमो सुरू झाल्यापासून तिला फोडणीचा वाससुद्धा सोसत नव्हता. मऊ भाताचे दोन घास घ्यायची, तेही नवऱ्याचं तोंड बघून. गळ्याची हाडं वर आली होती. गांजाने मळमळ थांबते, भूक लागते, असं राजेशने कुठे कुठे वाचलं होतं. बुडत्याला काडीचा आधार. इथे निदान झाडाचा होता.

दुसऱ्याचा कोड तपासावा तसे त्याने दिवे तपासले. वॉट म्हणजे दिवा खातो किती. रोपाला देतो किती, ते निराळंच, आणि कंपन्या नेमकं तेच बारीक अक्षरात छापतात. ऑफिसातली कामं बाजूला ठेवून त्याने ती बारीक अक्षरं वाचली. शेवटी एक एलईडी पॅनेल निवडलं. उजेड तेवढाच, वीज जवळजवळ निम्मी, आणि वर पाच वर्षांची वॉरंटी.

शोभना जिन्यावर शाल गुंडाळून बसली होती.

"पाच वर्षं?" ती हसली. "माझ्यावर पण मिळते का बघ."

"काहीतरीच बोलू नकोस."

"बरं बाबा. त्या दिव्यात फार जीव आहे तुझा."

जीव दिव्यात नव्हता. पण डॉक्टरांकडे गेलं की त्याला करण्यासारखं काहीच उरत नसे. इथे टायमर लावता येत होता, पॅनेल वरखाली करता येत होतं. तेवढ्या वेळापुरती छातीतली भीती जरा ओसरायची.

दर गुरुवारी शोभनाला क्लिनिकला न्यायचं काम शेजारच्या सुवर्णाकाकूंनी आपण होऊन घेतलं होतं. गुरुवारी राजेशला ऑफिसात तोंड दाखवावंच लागे. व्हिसावरच्या माणसाने मॅनेजरला नाही म्हणायचं नसतं. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की केमो.

नाताळच्या तोंडावर स्कॅन झाला, तेव्हाही काकूच सोबत होत्या.

"काय म्हणाले डॉक्टर?" त्याने ऑफिसातून फोन करून विचारलं.

"म्हणाले, आता जिवाला जपा," शोभना म्हणाली. मग तिने विचारलं, "झाडं कशी आहेत रे?"

झाडं तरारली होती. तो बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत राहिला.

पुढे तुरे काढले, वाळवले, मंद आचेवर तुपात मुरवले. मुहूर्त संक्रांतीचा साधला. त्या दिवशी तीळ शोभनानेच भाजले. गुळपोळीवर राजेशने ते तूप जपून सोडलं आणि समोर बसून राहिला. तिने पोळी संपवली. मग अर्धी आणखी मागितली. राजेश पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला आणि सिंकपाशी उभा राहून रडला.

त्यानंतर घर बदललं. शोभना वरणभात खाऊ लागली, थालीपीठ मागू लागली. गालांवर मांस आलं, भुवया उगवल्या. गुरुवारी परतायची तेव्हा नाक थंडीने लाल आणि बूट बर्फाने माखलेले.

"पार्किंग लांब मिळालं," काकू म्हणायच्या, आणि चहाला न थांबता निघून जायच्या.

कधीमधी शोभनाची पाठ दुखायची. पण ती जेवत होती. राजेशने सगळं श्रेय दिव्याला दिलं. मनोहरला फोन करून पॅनेलची तारीफ केली, नवरदेवाच्या बापासारखी.

"दुसरं मागवतोय," त्याने शोभनाला सांगितलं. "उन्हाळ्यापर्यंत तूप पुरायला हवं ना!"

"घाई काय आहे?" ती म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणत त्याने ऑर्डर देऊन टाकली. तेच पॅनेल, तीच वॉरंटी.

पुढच्या गुरुवारी, कधी नव्हे ते, मॅनेजरने त्याला लवकर सोडलं. शोभनाला घ्यायला आपणच जावं, असं त्याच्या मनात आलं. वाटेत त्याने पेढ्यांचा बॉक्स घेतला. इतकी वाईट थंडी काढून बायको माणसात आली होती. नर्सबाईंचं तोंड गोड करायला नको?

केमोच्या मजल्यावर काउंटरला नीना होती, पहिल्या दिवसापासूनची ओळखीची नर्स. त्याला बघताच ती उठून आली आणि तिने त्याला मिठीच मारली. अमेरिकन माणसं अशीच, म्हणून त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याने बॉक्स पुढे केला.

"तिची आठवण आम्ही सगळे काढतो," नीना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "नाताळात तिने केमो बंद केली ना, तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, औषध अंगातून उतरलं की भूक परत येते. आली ना? खातेय ना आता पोटभर?"