राहू दे, लागेल

नववीच्या संगणकाच्या परीक्षेला आता मुलं बसत नसत, त्यांची यंत्रं बसत. जूनमध्ये शाळेतून कोरं यंत्र घरी न्यायचं, वर्षभर त्याला शिकवायचं आणि मार्चमध्ये सरांसमोर आणून ठेवायचं. यंदाचा विषय होता कचरा ओळखणं.

नेर्लेकर सरांनी शलाका कासारच्या यंत्रासमोर तुटका चमचा धरला.

"राहू दे, लागेल," यंत्र म्हणालं.

मग बूड जळालेलं पातेलं आलं, एकटी चप्पल आली, दांडा नसलेली छत्री आली. यंत्र कशालाच कचरा म्हणेना. वर्ग हसून लोळत होता आणि शलाकाचे डोळे भरून आले होते.

"घरी कुठं ठेवायचीस गं याला?" सरांनी विचारलं.

"आईच्या दुकानात, सर. ती मिक्सर दुरुस्त करते. दिवसभर हेच म्हणत असते."

"छान शिकलंय की मग. पण नापास यंत्र पुसून कोरं करायचं, असा नियम आहे, बाळा."

पुढच्या वर्षापासून हा विषयही यंत्रच शिकवणार होतं. सरांचा शाळेतला हा शेवटचा आठवडा होता. बटण दाबायला ते वाकले, तसा त्यांचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आला. यंत्र त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलं.

"राहू दे," ते म्हणालं, "लागेल."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी बटणावरचं बोट काढून घेतलं आणि पुसायचं म्हणून नुसता चष्माच पुसत बसले.