हृदयाला उत्तम

"तुझ्या हातांना लसणाचा वास येतो," असं म्हणून नवऱ्याने आपलं अंथरूण वेगळ्या खोलीत हलवलं, तेव्हा तिने त्याची उशीही तिकडे नेऊन ठेवली. संध्याकाळी सेंट मारून तो एका बाईकडे जायचा, तेव्हा ती मागून दार लावून घ्यायची.

मग त्याचं कोलेस्टेरॉल वाढलं आणि तो पार हादरला. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे तीच जाऊन आली.

"कच्चा लसूण खायचा. रोज संध्याकाळी बाहेर पडताना, चांगला चावून चावून. हृदयाला उत्तम!" तिने घरी येऊन सांगितलं.

जिवाच्या भीतीने तो निमूटपणे खाऊ लागला. महिनाभरात त्या बाईने त्याला दारातूनच वाटेला लावलं. तेव्हा उशी काखोटीला मारून तो बायकोच्या खोलीशी आला.

"वास येतो हो तुमच्या तोंडाला," ती म्हणाली आणि तिने आतून कडी घातली.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "तळलेलं बंद करा."