शेवटच्या चित्रापुढची हाक

काका होते तोवर त्यांचं एकही चित्र विकलं गेलं नाही. ते गेल्यावर काकूंनी सगळी चित्रं संग्रहालयाला देऊन टाकली, आणि आता त्यांचं मोफत प्रदर्शन लागलं होतं. पहिल्याच रविवारी काकू ते बघायला गेल्या. दालनातली गर्दी बघून त्यांचा ऊर भरून आला.

"शेवटच्या चित्रापाशी जरा थांबा, काकू," पहारेकरी म्हणाला. "गंमत दिसेल."

ते चित्र त्यांच्याच घराच्या जिन्याचं होतं. रिकाम्या पायऱ्या आणि वर अर्धवट उघडं दार. एक मुलगी त्याच्यासमोर आली आणि एकदम "ओ!" म्हणून मागे वळली. मागे कुणीच नव्हतं. तिच्यामागून आलेले जाडे गृहस्थही तसेच ओ देऊन वळले आणि ओशाळून पुढे गेले.

"सकाळपासून हेच चाललंय," पहारेकरी म्हणाला. "मीसुद्धा दोनदा फसलो. कुणीतरी हाक मारतं बघा."

काकू हसल्या आणि चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, ऐकलंस का?"

काकांचाच आवाज. किती महिन्यांनी काकूंना इतकं बरं वाटलं!

"आले, आले," असं म्हणत त्या चित्रापुढच्या दोरीखालून वाकून पलीकडे गेल्या.

"काकू, थांबा!" पहारेकरी धावत पुढे आला. "सगळे मागे वळतात. तुम्ही पुढे कुठे निघालात?"

काकूंनी वळूनही पाहिलं नाही. त्या पायातल्या चपला काढत होत्या.