पहिली की दुसरी?

स्कूटर विकून जावईबापूंनी एका जुन्या रॉक कार्यक्रमाचं पोस्टर घेतलं, तेव्हापासून बायको त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. नारिंगी रंगावर जांभळी अक्षरं अशी वितळून वाहत होती की बघणाऱ्याला गरगरावं. पण जातिवंत संग्राहक अक्षरं वाचत बसत नाही, छपाई ओळखतो, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. कार्यक्रमाआधीची पहिली छपाई असेल तर सोनं, मागाहून काढलेली दुसरी असेल तर रद्दी!

निवाडा करायला त्यांचा संग्राहक मित्र घरी आला. जेवणाच्या टेबलावर पोस्टर पसरून दोघंही भिंग घेऊन त्यावर ओणवे झाले.

"जांभळा रंग केसभर सरकलाय बघ. पहिलीच!" जावईबापू म्हणाले.

"कागद हाताला जाड लागतोय. दुसरी," मित्राने नाक मुरडलं.

आवाज चढले, चहा निवला, आता हमरीतुमरीच व्हायची बाकी राहिली.

शेवटी सोफ्यावर विणत बसलेल्या सासूबाई उठल्या. त्यांनी चष्मा पुसला, मान तिरकी केली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत सगळं पोस्टर वाचून काढलं. मग मायेने जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

 

"पहिलीच छपाई आहे, जावईबापू. दुसरी काढायच्या आतच आमच्या दादाची ही लॉन्ड्री बंद पडली."