वाकडे टाके

समाजभवनाच्या आतल्या खोलीत तास-दीड तास पडून सुलोचनाबाई अंगणात परतल्या, तेव्हा त्यांची पिशवी उघडी होती आणि आत मफलर नव्हता.

त्यांनी पिशवी उलटी केली. चष्म्याचे घर पडले, गोळ्यांची पाकिटे पडली, रुमाल पडला. सतरंजीवर थंडीतले ऊन अंगावर घेत लाखनीच्या विणकाम मंडळाच्या बायका अर्धगोल करून बसल्या होत्या. सुया चालू होत्या. लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचे ताट हातोहात फिरत होते. बाहेर महामार्गावरून ट्रक धडधडत जात होते.

हे मंडळ त्यांनीच उभे केले होते. या अंगणातल्या बहुतेक बोटांना पहिला टाका त्यांनीच शिकवला होता. पावसाळ्यात लकव्याने उजवा हात आणि निम्मी जीभ नेली, तेव्हापासून वर्ग त्यांची विद्यार्थिनी सरिता घेत असे. आज बाई प्रथमच आल्या होत्या आणि येताना त्याच उजव्या हाताने विणलेला करड्या लोकरीचा मफलर घेऊन आल्या होत्या. तो अजून सुयांवरच होता.

पावसाळ्यात केलेली त्याची सुरुवात पाहवत नव्हती. कुठे भोक, कुठे गाठ, कड सापासारखी. हातभर वर आल्यावर भोके कमी होत गेली होती. त्याहून वर कड सरळ झाली होती. आणि शेवटची वीतभर वीण अशी होती की, ती दुसऱ्याच कुणाची वाटावी. चहा झाला की मफलर सतरंजीवर लांब पसरायचा, खालपासून वरपर्यंत बोट फिरवायचे आणि म्हणायचे, ‘पुढल्या रविवारपासून वर्ग मी घेणार,’ असे बाईंनी ठरवून ठेवले होते. ते वाक्य त्यांनी घरी आरशासमोर बसून घोटले होते.

“माझा... म... मफ...”

“अवं, बाई मफलर शोधून राहिल्या!” मंगलाबाई हसल्या. “दे ना वो सरिता, आता कायले लपवून ठेवते?”

सरिता पदराखाली काहीतरी धरून पुढे आली. तिचा चेहरा सणासुदीसारखा फुलला होता. तिने बाईंच्या मांडीवर सुया ठेवल्या. सुईवर चार बोटे वीण होती. टाक्याला टाका लागून, एकसारखी, कुठे बोट ठेवायला जागा नाही अशी. शेजारी करड्या लोकरीचा गुंडा होता.

बाईंनी विणीखाली हात घालून पाहिले. मांडीवरचा पदर बाजूला केला. खाली काही नव्हते.

“बाकीचा?”

“उसवला जी,” सरिता म्हणाली. “तुमी निजल्या तवा पायला. खालचे टाके पायवत नव्हते, बाई. आज नवीन बायका आल्या आहेत. त्या हासल्या असत्या तुमाले, अन् मले ते सहन झालं नसतं. आता खालची चूक काढाची मनजे वरून सारंच उसवा लागते. रुखमिणीनं गुंडा केला, मी विणाले बसली. संध्याकाळपावतर पुरा करून देते.”

“अन् तुमीच त शिकवलं,” मंगलाबाई म्हणाल्या. “चूक दिसली का उसवाचं, दया कराची नाही. माहा स्वेटर तीनदा उसवला होता तुमी. मी रडली होती, आठवते का?”

सगळ्या हसल्या. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सुलोचनाबाईंनी गुंडा उचलला. लोकर सरळ नव्हती. उसवलेल्या प्रत्येक टाक्याचे वळण तिच्यात तसेच राहिले होते. त्या धागा ओढून बोटांमधून सरकवत राहिल्या, जणू त्यात काही वाचता येणार होते.

“वाफेवर धरली का सरळ होते जी,” रुखमिणी समजुतीने म्हणाली.

बाईंनी तोंड उघडले. “पुढल्या... रविवारपासून...”

पसरून दाखवायला समोर काही नव्हते. वाक्य तिथेच अडले.

“हो ना जी, दर रविवारी येत जा,” सरिता प्रेमाने म्हणाली आणि तिने त्यांचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. “तुमच्यासाठी खुर्ची टाकून ठेवत जाईन, उनात. नुसतं बसाचं अन् आमाले पायाचं.”

बाईंनी हात सोडवून घेतला. मग विणीतून सुई ओढून काढली आणि धागा खेचला.

चार बोटे वीण ओळीओळीने सुटत गेली. टाळ्या थांबल्या होत्याच. आता सुयाही थांबल्या. मंगलाबाईंचा वडा तोंडापाशी तसाच राहिला. कोणी “अवं बाई!” म्हणाले, तेही अर्धवटच.

सगळी लोकर मोकळी झाल्यावर बाईंनी तिचे टोक शोधले आणि सुई उजव्या हातात धरली. पहिला टाका घातला, तो निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. न राहवून सरिताने हात पुढे केला. बाईंनी सुईच्या मागल्या टोकाने तिच्या बोटांवर टक्क केले, वर्गात करीत तसे. सरिताने हात मागे घेतला.

शेवटी टाका सुईवर बसला. बाईंनी तो उन्हात धरला. सगळ्या बायका माना पुढे करून पाहू लागल्या. टाका जरा वाकडाच होता. पावसाळ्यातल्या त्या पहिल्या टाक्याहून तो किती बरा होता, हे दाखवायला आता काहीच उरले नव्हते.